वजनं उचलल्याने प्रतिकारशक्ती वाढते, की उलट आजारपण मागे लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४६, दिवसभर बसून काम, वर्षात पाच वेळा सर्दी-खोकला. घरचे म्हणतात जिम लाव, ऑफिसातले म्हणतात जिमवालेच जास्त आजारी पडतात. मी डॉक्टर नाही. सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सतरा वर्षं लोकांचं रक्त काढतोय आणि गेली सहा वर्षं वजनं उचलतोय, एवढ्या भांडवलावर लिहितो.

ऑफिसातल्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी १२.९ टक्के जण आजारी पडले, आणि तशीच तयारी असूनही त्या दिवशी न धावलेल्यांत हे प्रमाण २.२ टक्केच होतं. डेव्हिड नीमन यांचा हा अभ्यास १९९० मध्ये छापून आला. तेव्हापासून 'फार व्यायाम केला की प्रतिकारशक्ती बसते' हे वाक्य जिथंतिथं ऐकू येतं. पण एक तर हे आजारपण लोकांनी स्वतः सांगितलेलं, कुणाच्या घशाचा स्वॉब तपासलेला नव्हता. दुसरं, ४२ किलोमीटर धावणं कुठं आणि पाऊण तास डंबेल मारणं कुठं.

या समजाला रक्ताच्या रिपोर्टचाही आधार मिळाला, आणि तो भाग मी स्वतःवर करून पाहिलाय. एका रविवारी व्यायामाआधी, संपल्यावर लगेच आणि मग दोन तासांनी असं तीनदा रक्त दिलं. (सहकाऱ्याने तिसऱ्यांदा सुई टोचताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते सोडा.) आधी पांढऱ्या पेशी साडेसहा हजार होत्या, बैठका संपल्या संपल्या दहा हजारांच्या जवळ गेल्या. हा काउंट पाहून कुणी सरळ इन्फेक्शन म्हटलं असतं. प्रत्यक्षात ॲड्रेनलिन वाढलं की प्लीहेत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पेशी रक्तात उतरतात. त्यात एनके पेशी सगळ्यात पुढे. विषाणू शिरलेल्या पेशी मारणं हे त्यांचं काम. दोन तासांनी मात्र माझे लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, एनके त्यातल्याच) सकाळच्यापेक्षाही खाली आले होते. यालाच पूर्वी 'प्रतिकारशक्तीची उघडी खिडकी' म्हणत. २०१८ मध्ये कॅम्पबेल आणि टर्नर या दोघा संशोधकांनी सगळा पुरावा पुन्हा मांडून दाखवलं की या पेशी मरत नाहीत. त्या रक्तातून निघून फुफ्फुसं, आतडी अशा ठिकाणी गस्तीला जातात. चौकातला पोलीस गल्लीत गेला म्हणून चौकी बंद पडली असं होत नाही.

आता स्नायूंकडे येतो, कारण खरा मामला तिथं आहे. स्नायू आकुंचन पावताना रक्तात रसायनं सोडतो, त्यांना मायोकाइन म्हणतात. कोपनहेगनच्या संशोधक बेंटे क्लारलुंड पेडरसन यांनी हे नाव रूढ केलं. त्यातलं सगळ्यात अभ्यासलेलं म्हणजे इंटरल्युकिन-६. गंमत बघा, हेच रसायन लठ्ठपणात कायम थोडं थोडं वाढलेलं असतं आणि तिथं ते अंगात धुमसणाऱ्या सुजेची खूण मानतात. व्यायामात मात्र ते झटकन वाढतं, झटकन उतरतं आणि उतरताना सूज शमवणारी दुसरी रसायनं जागी करून जातं. शिवाय पांढऱ्या पेशींना इंधन म्हणून लागणाऱ्या ग्लुटामाइनचा मोठा साठा स्नायूतच असतो. मोठ्या तापातून उठलेल्या माणसाच्या मांड्या बारीक झालेल्या असतात ना, ते अशक्तपणाचं सोंग नसतं. आजाराशी लढायला शरीराने तिजोरी फोडलेली असते. चाळिशीनंतर दर दहा वर्षांत ही तिजोरी काही टक्क्यांनी आपोआप हलकी होत जाते, साठीनंतर वेगाने. चालण्याने हृदय, शुगर, झोप सगळं सुधारतं, पण ही घसरण थांबवायला ओझंच लागतं.

'आता या वयात काय' असं म्हणू नका. अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली होती, आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हेही १९९० चंच. तुम्ही तर त्यांच्या नातवाच्या वयाचे.

दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते 'लॅक्टिक ॲसिड साठलं' म्हणून नव्हे, ते तासाभरात निघून गेलेलं असतं. स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, तिथं आधी न्यूट्रोफिल आणि मग मॅक्रोफेज या प्रतिकारसंस्थेच्या पेशी पोचतात, मोडलेलं साफ करतात आणि दुरुस्तीसाठी राखीव पेशींना उठवतात. म्हणजे तुमची प्रतिकारसंस्थाच स्नायू बांधते. ही इजा वजन वर नेताना कमी आणि सावकाश खाली आणताना जास्त होते. मी पहिल्या महिन्यात डंबेल धाडकन सोडायचो. तालमीतून आलेले आमचे वस्ताद कोपऱ्यातून ओरडायचे, "आपटलालास कशाला बे? सावकाश ठेव की." मला वाटायचं त्यांना फरशीची काळजी.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं प्रमाण आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम, जोडीला १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखी हालचाल, एवढंच आहे. जिमच पाहिजे असं नाही. ज्याच्या घरी नळाला रोज पाणी येत नाही, त्याला वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो हे शिकवावं लागत नाही. तो दोन्ही हातांनी आलटून पालटून उचला, पाठ सरळ ठेवून. फक्त चढत्या क्रमाने जा. आमच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्याला, नंदीध्वजाची उंच जड काठी पेलणारी मंडळीसुद्धा एकदम संक्रांतीला काठीखाली उभी राहत नाहीत, कित्येक दिवस आधी सराव चालू असतो.

खाण्याचं एकच सांगतो. शेंगा चटणी माझाही जीव की प्राण, पण दोन चमच्यांत प्रोटीन जेमतेम चार-पाच ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला साधं जगायलाही साठेक ग्रॅम लागतं. ताटात हुलगा, मटकी, अंडी, दही यांतलं काहीतरी रोज दिसू दे. आणि झोप. १५३ जणांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून केलेल्या प्रयोगात सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट निघाली. रात्री एकपर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला जिम हे मला तरी आत्मघातकी वाटतं.

कधी करू नये: ताप असेल, छाती भरलेली असेल, अंग मोडून आलं असेल तेव्हा. नुसतं नाक वाहत असेल तर हलका व्यायाम चालतो. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमधल्या जिमला दुपारी जाऊन जोर दाखवू नका. माझ्या ओळखीतला एक मुलगा मोठ्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी दोनशे बैठका मारून आला. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य किडनीत अडकायला लागलं होतं. चार दिवस सलाइनवर काढले. असा रंग दिसला तर घरी ताक-सरबत पीत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

तुमच्या पाच सर्द्यांबद्दल: मोठ्या माणसाला वर्षाला दोन-तीन होतातच, त्यामुळे तुमच्या थोड्या जास्त आहेत, भयंकर नाहीत. पण ४६ वय आणि बैठं काम म्हटल्यावर मी जिमच्या फीआधी शुगरच्या तपासणीचे पैसे बाजूला काढीन. वाढलेली शुगर पांढऱ्या पेशींना सुस्त करते आणि ती कित्येक वर्षं कळतही नाही.

फक्त रक्त द्यायला याल तेव्हा आधी आठवडाभर जड वजनं बंद ठेवा. मागे एका पोराचा एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीत बघतात ते एन्झाइम) चांगलाच वाढलेला आला, आईने कावीळ समजून घरातलं तेल-तूप बंद केलं. कावीळीत वाढतं ते बिलिरुबिन मात्र नॉर्मल. विचारलं तर म्हणाला, परवा पायाचा व्यायाम केलालो. स्नायूंना इजा झाली की वाढणारा सीपीके लावला, तो हजारांत होता. एसजीओटी लिव्हरसारखाच स्नायूतही असतो. आठ दिवस जिम बंद ठेवून परत आला, सगळं जागेवर. तोवर बिचारा आठ दिवस बिनतेलाची आमटी खात होता.