कोळ्याचं पोट बघा, मग काळजी करा

प्रश्न : ताई, मुलीच्या हट्टापायी घरात जंपिंग स्पायडर आला. रोज माशी सोडली की झडप घालायचा. गेला आठवडाभर मात्र बरणीच्या झाकणाला पांढरी पिशवी विणून आत बसून आहे. माशीकडे ढुंकूनही बघत नाही. आजारी आहे का? पिशवी फाडून बाहेर काढू का? – एक वाचक

उत्तर : फाडू नका! आणि बरणीत माशी किंवा रातकिडा फिरत असेल तर तो आधी बाहेर काढा.

बहुधा तो कात टाकतोय. आधी खाणं सुटतं, पिशवीचं विणकाम नेहमीपेक्षा दाट होतं आणि कोळी दार लावून बसतो. पिल्लू लहान असेल तर हे लवकर आटोपतं, वाढत आलेल्याला दोन-तीन आठवडेही लागू शकतात. पाठीवरचं कवच झाकणासारखं आधी निघतं, मग तो एकेक पाय जुन्या कातडीतून ओढून काढतो. त्यानंतर काही दिवस दातसुद्धा मऊ असतात. अशा वेळी उपाशी रातकिडा आत असला तर तोच कोळ्याला कुरतडतो. शिकार कोण आणि शिकारी कोण, हे त्या दिवसांत उलटं होतं.

आजारपण ओळखायचं तर पोट बघा. बाजूने टॉर्च मारा. पोट गोल, टुमटुमीत असेल तर निश्चिंत राहा. सुरकुतलेलं, आत ओढलेलं दिसलं तर तो तहानलेला किंवा भुकेला आहे. तहान जास्त वाईट. कोळ्याचे पाय आत ओढायला स्नायू असतात, पण मुख्य सांधे सरळ व्हायला रक्ताचा दाब लागतो. अंगातलं पाणी घटलं की पाय पोटाखाली मुडपतात. म्हणून पिशवीपासून दूरच्या भिंतीवर पाण्याचे बारीक थेंब फवारा, तो पिशवीतून बाहेर आला की हवे तेवढे पिईल. तळ ओलाकच्च ठेवू नका, बुरशी धरते.

कात टाकून झाल्यावर पोट लहान आणि पाय लांब दिसतील, दचकू नका. दोन-चार दिवस थांबा, मग त्याच्या अंगापेक्षा लहान माशी द्या.

आता त्या बरणीबद्दल. हा कोळी घर नेहमी वरच बांधतो, म्हणजे झाकण उघडलं की त्याचं छप्पर गेलं. पुढून किंवा खालून उघडणारा, रुंदीपेक्षा उंची जास्त असलेला, भोकं पाडलेला डबा घ्या. सध्याची पिशवी मात्र तो बाहेर येईपर्यंत हलवू नका. उजेड हवा, हा दिवसा शिकार करणारा प्राणी. डासांची कॉइल, स्प्रे आणि कुत्र्याचं गोचिडीचं औषध त्या खोलीत अजिबात नको.

आणखी एक शक्यता राहिली. बाहेरून पकडलेली पूर्ण वाढलेली मादी असेल तर पिशवीत अंडीही असू शकतात. ती नराचं बीज साठवून ठेवते, एकटी असली तरी पिल्लं निघतात. तसं झालं तर मुलीला एक भिंग आणून द्या आणि तुम्ही फळमाश्यांच्या तयारीला लागा.

प्रश्न : भिंतीवर रात्री दिसणारा तळहाताएवढा चपटा कोळी पाळता येईल का? हातावर घेतला तर चालेल?

उत्तर : तो हंट्समन. उष्ण प्रदेशांत जगभर घराघरांत सापडतो. पाळता येतो. उंच डबा आणि त्यात उभी ठेवलेली झाडाची साल, एवढ्यावर खूश असतो. हातावर मात्र नको. चावलाच तर दुखतं, पण मला भीती आहे ती त्याच्या वेगाची. दार किलकिलं केलं की तो तुमच्या बाहीवरून खांद्यावर पोचलेला असतो, तुम्ही हात झटकता आणि भरल्या पोटी खाली आपटला की त्याचं पोट फुटतं. खरं सांगायचं तर तो भिंतीवर फुकटात झुरळं खातोय, त्याला तिथेच राहू द्या.

प्रश्न : बागेतला गोल जाळं विणणारा कोळी काचेच्या पेटीत ठेवलाय, पण जाळंच विणत नाही.

उत्तर : कुठे विणणार? तो पहिला धागा वाऱ्यावर सोडतो, तो पलीकडे कुठेतरी अडकला की पुढचं काम सुरू. बंद पेटीत वारा नाही, ऐसपैस जागा नाही, आणि गुळगुळीत काचेवर पायही टिकत नाही. त्याला खिडकीबाहेरच्या वेलीवर सोडा. यातल्या बऱ्याच जाती जुनं जाळं खाऊन रोज नवं विणतात, तेव्हा संध्याकाळी खुर्ची ओढून बसा. जाळ्यात एखादी जिवंत माशी टाकली तर धावत येईल, मेलेली टाकलीत तर बहुतेक वेळा तोडून खाली फेकेल.