'सैनिक'चे स्त्रीलिंग काय?

एका वाचक भगिनीचा प्रश्न आहे: मुलगी सैन्यात भरती झाली, तर तिला 'सैनिका' म्हणावे, 'सैनिकीण' म्हणावे की 'महिला सैनिक'?

'सैनिका' अजिबात नको. 'लेखिका'च्या चालीवर कोणीतरी ठोकून दिलेला शब्द आहे तो. 'सैनिकीण' म्हटले की पाटलिणीसारखी आधी 'सैनिकाची बायको' आठवते. मास्तरणीने तो अर्थ झटकला, पण बायका शाळेत शिकवू लागल्यावर. आणि मथळ्यांतली ती 'रणरागिणी'! सिग्नल्समधली मेजर असो की लष्करी डॉक्टर, सरसकट रणरागिणी. पुरुषाला हुद्दा आणि बाईला विशेषण, हे मला रोज सकाळी सलते.

मूळ शब्दच बघा ना. पाणिनीचे सूत्र आहे 'सेनाया वा' (४.४.४५). सेनेशी जो समवेत होतो, म्हणजे तिच्यात मिळून जातो, तो सैन्य किंवा सैनिक. 'सैनिक'मधल्या याच 'इक' प्रत्ययाने स्त्रीलिंग होते 'सैनिकी', पण मराठीत ते 'सैनिकी शाळे'ने केव्हाच पळवले. काही जण अमरकोशातले 'सेनारक्षास्तु सैनिकाः' तोंडावर फेकतात आणि सैनिक म्हणजे राखणदार, म्हणून पुरुष, असे ठरवून मोकळे होतात. त्यांनी पुढची ओळ वाचावी: 'सेनायां समवेता ये सैन्यास्ते सैनिकाश्च ते'. समवेत! यात मिशी कुठे आली?

'समवेत'चे नाम 'समवाय', आणि न्यायशास्त्रातला हा 'समवाय' तर फारच सुंदर शब्द. घडा जमिनीवर ठेवला तर तो संयोग, उचलला की संपला. धागे आणि कापड यांचा मात्र समवाय, धागे वेगळे केले की कापडच उरत नाही. 'लिंग-समावेशन' असे बोजड पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांशी माझे भांडण इथेच आहे. समावेशात एक यजमान असतो आणि तो दुसऱ्याला आत घेतो. समवायात यजमान नसतो. मी तर 'लष्करातला समवाय' हाच शब्द रूढ करावा म्हणतो.

इस्रायलमध्ये १९४९ च्या कायद्याने मुलींनाही लष्करी सेवा सक्तीची झाली, पण त्यांचे दल वेगळे. त्या दलाच्या हिब्रू आद्याक्षरांचा शब्द होतो 'हेन', म्हणजे लावण्य! ते दल २००१ मध्ये मोडले. तोवरचा तो संयोग. नॉर्वेने २०१५ पासून मुलामुलींना एकाच कायद्याने सक्ती लावली, काही तुकड्यांत तर ती एकाच खोलीत राहतात. हा समवाय. आपल्याकडे १९९२ पासून लष्कराच्या वैद्यकीय सेवेखेरीज इतर शाखांतही बायका अधिकारी झाल्या, पण बहुतेक शाखांत ठरावीक वर्षे भरली की घरी. घडा उचलला, संपले. १७ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने कायम नेमणुकीचा हक्क मान्य केला, तेव्हा कुठे धागा विणला जाऊ लागला.

हां, प्रश्न राहिलाच. 'सैनिक'च म्हणा. आपल्या मराठीत लिंग क्रियापद सांगते: सैनिक आली, कर्नल म्हणाल्या. 'महिला' हा शब्द संख्या मोजताना लावा, एरवी नको. ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी निघाली, तेव्हा एवढेच लिहायचे होते: सतरा कॅडेट बाहेर पडल्या.