चौथा सापळा गाळू नकोस

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

नागपूरच्या कापूस बैठकीतल्या भाषणासाठी केलेल्या तुझ्या 12 स्लाइड्स पाहिल्या. चौथा सापळा कुठे गेला? वहीत तर होता. बाकीच्या तिन्ही कामगंध सापळ्यांत, म्हणजे मादीच्या वासाने ओढणाऱ्या सापळ्यांत, गुलाबी बोंडअळीचे पतंग पडत होते आणि याच्यात जवळजवळ शून्य, म्हणून गाळलास ना? अगं, आपण नागपूरला चाललोय ते त्या शून्यासाठीच. तडीस गेलेलं काम जर्नलला पाठवावं, अशा घरगुती बैठकीत अडलेलं न्यावं. तिथे कपाशीत हयात गेलेली माणसं असतात. एखादा विचारेल, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वाढली तसा सापळा वर सरकवला होतास का? पानांत बुडालेल्या सापळ्याकडे पतंग फारसे येत नाहीत. ल्युर, म्हणजे सापळ्यातली ती वासाची गोळी, कधी बदलली, हेही निघेल. बदलली नसेल तर तसं सांग.

10 मिनिटांना 6 स्लाइड्स पुष्कळ. माझ्या पहिल्या भाषणाला मी 22 नेल्या होत्या. निष्कर्षाच्या आधीच घंटा वाजली. ‘पांढरं सोनं’वालं पान काढ. 2002 साली बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला बीटी कापूस आला, 2006 मध्ये दोन जनुकांचा, हेही काढ. त्या खोलीत ते सगळ्यांना पाठ आहे. सुरुवात धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून कर: किती एकर, पेरणी कधीची, शेजारी फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही न उपटलेली कपाशी, ठेवली होती का. मग एकच आलेख. त्यावर 8 पतंगांची आडवी रेघ ओढ आणि ती कशाची ते तोंडाने सांग: एका सापळ्यात रोज 8, तेही सलग 3 दिवस, म्हणजे फवारणीचा विचार करायची वेळ. सापळ्यात नरच येतात, हे कोणी टोकायच्या आधी तूच म्हण.

पोस्टर छापताना फ्लेक्सवाल्याच्या शेजारी बसून राहा. वाढदिवसाच्या बॅनरवर हात बसलेला माणूस. मागे एका पोराच्या पोस्टरला त्याने हौसेने झेंडूची किनार लावून दिली होती! ए-झिरो म्हणजे 84.1 बाय 118.9 सेंटिमीटर, हे लिहूनच दे. चकचकीत फ्लेक्स ट्यूबलाइटखाली वाचता येत नाही, मॅट कागद घे. एसटीत चुरगळू नये म्हणून पीव्हीसी पाइपचा तीन फुटी तुकडा शोध. विहिरीवर पडलेला असेलच.

पोस्टर वाचून दाखवू नकोस, बाजूला उभी राहा. डोमकळीचा, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेल्या फुलाचा, फोटो मोठा लाव. कास्तकार तिथेच थांबतो आणि आपणहून बोलू लागतो. तेव्हा वही काढ. एकाने माझ्या आलेखावर बोट ठेवून विचारलं होतं, “यात माही पऱ्हाटी कुठी हाय?” मला सांगता आलं नव्हतं.

इंग्रजी अडलं तर सरळ मराठीत बोल. दुसऱ्याच्या पोस्टरचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. आकडे कच्चे असतात.

उद्या वावरात जाऊन चौथ्या सापळ्याची जमिनीपासूनची उंची मोज, शेजारच्या झाडाचीही. मग सापळा काढून घे, धूळ पुसू नकोस. रविवारी सापळा आणि स्लाइड्स घेऊन घरी ये, भाषण करून दाखव, मी घड्याळ लावून बसतो.

तुझे सर