‘च्या’च्या आधी काय आहे?

“मॅडम, अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी तिला चोख येते हो. पण तेच शाब्दिक उदाहरणात आलं की गाडी अडते.” ही तक्रार मी इतक्या पालकांकडून ऐकली आहे की त्यापुढचं वाक्यही मला पाठ झालंय: “लक्षच देत नाही.” सहावीतल्या एका मुलीची आई हेच सांगत होती आणि मुलगी शेजारी पेन्सिलीचं टोक कुरतडत बसली होती.

मी तिला एक उदाहरण दिलं. पुस्तक २४० पानांचं आहे. पहिल्या दिवशी पुस्तकाचा १/३ भाग वाचला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पानांच्या १/४ इतकी पानं वाचली. आता किती पानं राहिली?

मिनिटभरात उत्तर आलं, १००. १/३ आणि १/४ मिळवून ७/१२, २४० चे ७/१२ म्हणजे १४०, वजा केले. छेद समान करण्यात एकही चूक नव्हती.

“का मिळवलंस?”

“दोन दिवस आहेत ना.”

“आणि २४० नं गुणलंस?”

“‘च्या’ आला की गुणायचं असतं.”

मुलीचं लक्ष नव्हतं असं मला अजिबात वाटलं नाही. उलट तिचं सगळं लक्ष खुणेच्या शब्दावर होतं. ‘एकूण’ म्हणजे बेरीज, ‘उरले’ म्हणजे वजाबाकी, ‘च्या’ म्हणजे गुणाकार. अशा युक्त्या मुलांना प्रेमानंच शिकवल्या जातात, आणि त्यामुळेच मुलं वाक्य वाचायचं सोडून देतात. मला त्या मुळीच आवडत नाहीत.

पुढच्या भेटीत आम्ही आकडेमोड बंद ठेवली. मी दोन वाक्यं लिहिली: ‘१२ मीटर दोरीचा १/३ भाग कापला.’ ‘१२ मीटर दोरीतून १/३ मीटर तुकडा कापला.’

“दोन्ही सारखंच,” ती म्हणाली. मग मी तिला दोन्ही दोऱ्या दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या कागदावर काढायला सांगितल्या. पहिली तिनं सहज काढली, तीन भाग, एक कापलेला. दुसरीपाशी पेन्सिल थांबली. “इथे तर एवढंसंच जाईल!” पहिल्या दोरीतून चार मीटर जातात, दुसरीतून एक मीटरही नाही.

“मग १/३ कशाचा, हे कुठे कळलं तुला?”

तिनं ‘दोरीचा’ या शब्दावर बोट ठेवलं. दुसऱ्या वाक्यात ‘मीटर’वर.

आम्ही पुन्हा पुस्तकाकडे वळलो. तिनं पट्टीचे तीन भाग केले, एक खोडला. मग वाचलं, “उरलेल्या पानांच्या...” आणि गप्प झाली. मीही गप्प राहिले. अशा वेळी मोठ्या माणसांना राहवत नाही, उत्तर ओठांवर येतं. ते आवरणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम. बऱ्याच वेळानं तिनं उरलेल्या दोन भागांचे प्रत्येकी दोन तुकडे केले, मग खोडलेल्याचेही केले. “सहा तुकडे. एक तुकडा ४० चा. दोन गेले, एक गेला, तीन राहिले. १२०! मॅडम, ‘च्या’च्या आधी बघायचं!”

इतकं नेमकं मलाही कधी सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून मी हेच वाक्य वापरते. मराठीत अपूर्णांक कशाचा घ्यायचा ते बहुतेक वेळा ‘चा-ची-चे-च्या’च्या आधीच लिहिलेलं असतं. संपूर्ण काय ते सापडलं की पुढची रीत मुलांना आधीपासून येत असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी १९६० च्या दशकात मांडलं की समज कृतीतून चित्राकडे आणि चित्रातून चिन्हांकडे जाते. आपण मात्र मुलांना थेट चिन्हांपाशी उभं करतो.

पालकांना माझी विनंती आहे, ‘गुणाकार कर की’ असं सांगू नका. ‘कशाचा?’ एवढंच विचारा. उदाहरण आकडे वगळून गोष्टीसारखं सांगायला लावा. सांगता आलं नाही तर पेन्सिल उचलण्यात अर्थ नाही. उत्तर काढण्याआधी अंदाज विचारा: निम्म्याहून जास्त राहील की कमी? दिवसाला दोनच उदाहरणं द्या, पण पट्टीसकट. वीस उदाहरणांत मूल पुन्हा खुणेचे शब्द शोधायला लागतं.

शेवटच्या भेटीत मी उलटं उदाहरण दिलं. निम्मं पुस्तक वाचलं, मग उरलेल्याच्या २/५ वाचलं, ४५ पानं राहिली, पुस्तक केवढं? तिनं पट्टी काढली, उरलेल्या अर्ध्याचे पाच भाग केले, तीन भागांखाली ४५ लिहिलं. एक भाग १५, निम्मं पुस्तक ७५, पूर्ण १५०. ‘पडताळून बघ’ असं मी म्हणायच्या आतच तिची पेन्सिल पट्टीवरून परत निघाली होती: ७५ गेली, ३० गेली, ४५ राहिली.