मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात मुक्काम न करता आतली वास्तुकला पाहता येते का? नेमकं काय पाहावं?

येते. पण एक चहा घ्यावा लागेल, आणि तो खिशाला चांगलाच चिमटा काढतो. पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये टेबल आधी सांगून ठेवा. दारात सामानाची तपासणी होते, ती २००८ च्या हल्ल्यानंतर असणारच.

मी गेलो तो मामांमुळे. मामा पीडब्ल्यूडीतून, म्हणजे सरकारी बांधकाम खात्यातून, निवृत्त झालेले. त्यांना चहाशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना जिना बघायचा होता. तुम्हीही वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि जुन्या इमारतीतला, मधल्या घुमटाखालचा तो जिना बघा.

बहुतेक लोक त्याच्या पायथ्याशी हॉटेल उभारणाऱ्या जमशेटजी टाटांच्या अर्धपुतळ्याजवळ फोटो काढतात आणि निघतात. मामांनी मला बाजूला ओढलं. म्हणाले, "वरून सगळेच बघतात, तू खालून बघ." खालून बघितलं की कळतं, पायऱ्यांच्या मोकळ्या टोकाखाली खांब नाही. अशा कॅन्टिलिव्हर जिन्यात पायरीचं एक टोक भिंतीत पक्कं रुतवलेलं असतं, दुसरं अधांतरी. सगळा भार भिंत घेते, त्यामुळे ती तेवढ्याच तोलाची लागते. म्हणून मध्ये हा मोकळा चौक राहिला आणि मान वर केली की थेट घुमटापर्यंत नजर जाते. प्रत्येक मजल्यावर चौकाभोवती कमानींच्या गॅलऱ्या फिरतात. लोखंडी कठड्याची नक्षी जवळून बघा, हात लावून बघा. जिन्याचं श्रेय ठेकेदार सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांना देतात. ठेकेदाराचं नाव शंभर वर्षांनी कोणी काढतं ही गोष्टच मामांना फार आवडली!

आता ती प्रसिद्ध कथा. इमारत उलटी बांधली गेली, पुढचं मागे झालं, आणि ते बघून आर्किटेक्टने घुमटावरून उडी मारली. गाइड ही कथा आजही रंगवून सांगतात. ती साफ खोटी आहे, आणि त्यासाठी पुस्तक उघडायचीही गरज नाही. गेटवे ऑफ इंडियाकडची बाजू बघून झाली की इमारतीला वळसा घालून मागे मेरीवेदर रोडला जा. जुनी इमारत इंग्रजी यू अक्षरासारखी आहे आणि तिचे दोन्ही हात शहराकडे पसरलेत. पाहुण्यांच्या घोडागाड्या शहरातूनच यायच्या, म्हणून मूळ प्रवेश त्या बाजूला. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे. खोल्यांना समुद्राचं वारं मिळावं म्हणून लांब बाजू बंदराकडे. हॉटेल सुरू झालं डिसेंबर १९०३ मध्ये, गेटवे पुरा झाला १९२४ मध्ये. ज्याला आपण 'समोर' म्हणतो ते समोर तेव्हा नव्हतंच. राहिला आर्किटेक्ट. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. कथेत कधी इंग्रज, कधी फ्रेंच साहेब उडी मारतो, वैद्यांचं नाव मात्र कोणी घेत नाही. मराठी माणसाला एवढा तरी राग यायला हरकत नाही.

बाहेरून बघायचं तर सकाळी जा. दर्शनी बाजू पूर्वेला आहे, दुपारनंतर ती सावलीत जाते आणि दगडातलं कोरीव काम सपाट दिसायला लागतं. सकाळच्या तिरक्या उन्हात पुढे आलेल्या खिडक्या, सज्जे, कोपऱ्यांवरचे छोटे घुमट सगळं उठून दिसतं. शैली एक नाही. मुघल, राजपूत, युरोपीय असा भरपूर मालमसाला आहे, आणि माझ्या मते वरच्या मजल्यांवर तो थोडा जास्तच झालाय. शेजारचा हॉटेलचाच टॉवर १९७० च्या दशकातला. त्यावर वेळ घालवू नका.

दुरुस्तीबद्दल. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जुन्या इमारतीचे वरचे मजले जळाले. टॉवर त्याच डिसेंबरात उघडला, पण जुनी इमारत पूर्ण उघडायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला. जिन्यावर उभं राहून जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं हे मी शोधत होतो, मामांनाही ते सांगता आलं नाही. दुरुस्ती अशीच हवी. दुकानांच्या बाजूचा चकचकीतपणा मात्र कुठल्याही शहरातल्या महागड्या हॉटेलात खपून गेला असता. बळी गेलेल्यांच्या नावांचं स्मारकही आत आहे, तिथे जरा थांबा. फोटो काढण्याआधी कर्मचाऱ्यांना विचारा, नम्रपणे विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत.

आणि चहाचं बिल परवडणार नसेल तर सीएसएमटी स्टेशनला जा. वैद्य तिथे स्टेशनचे आर्किटेक्ट स्टीव्हन्स साहेबांचे सहायक अभियंता होते, १८७८ ते १८८८ ते बांधकाम चाललं. तिथेही मधल्या घुमटाखाली असाच अधांतरी जिना आहे. रेल्वेच्या हेरिटेज गॅलरीच्या तिकिटावर तो भाग दाखवतात, फक्त वेळा आधी चौकशी करून जा. दोन्ही जिने एकाच दिवशी बघितलेत तर आधी सीएसएमटीचा बघा.