पुलाची पातळी आणि आपला उंबरठा

प्रश्न : आमचे घर सांगलीत तळमजल्यावर आहे. २००५ साली कृष्णेचे पाणी पायरीपाशी थांबले होते, म्हणून २०१९ मध्ये आम्ही घर सोडले नाही आणि शेवटी रात्री बोटीने बाहेर पडावे लागले. आता आयर्विन पुलाजवळ धोका पातळी गाठली की निघायचे, असे सासऱ्यांनी ठरवले आहे. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, दारात एक म्हैस आहे. एवढी तयारी पुरेशी आहे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सासऱ्यांचा निर्णय पूर्वीपेक्षा शहाणपणाचा आहे, तरी त्यात एक उणीव राहते. ४० फुटांची इशारा पातळी आणि ४५ फुटांची धोका पातळी या साऱ्या शहरासाठी ठरवलेल्या खुणा आहेत. सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल वस्तीत पाणी इशारा पातळीच्या आधीच शिरते, तर आपल्या पायरीशी ते आले २००५ साली, सुमारे ५४ फुटांना. परंतु पायरी कोरडी असतानाच गल्लीच्या तोंडाचा सखल रस्ता बुडालेला असू शकतो, आणि माणसे बहुधा अशीच अडकतात. तो रस्ता किती फुटांना बंद होतो हे जुन्या शेजाऱ्यांना विचारून भिंतीवर लिहून ठेवावे आणि त्याच्या निदान तीन-चार फूट आधी, दिवसाउजेडी, सासूबाईंना हलवावे. कोयनेचा विसर्ग वाढला असेल आणि वारणाही फुगली असेल, तर तेवढीही वाट पाहू नये. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते आणि ती भरून वाहत असली की सांगलीतल्या पाण्याला पुढे सरकायला वेळ लागतो.

बोटीवर भिस्त ठेवू नये. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसलेली बोट उलटली, हे आपल्या भागात कोणी विसरलेले नाही.

म्हशीला चालत न्यावे लागते, म्हणून माणसांच्याही आधी, आदल्या दिवशीच, ती वैरणीसह उंचावरच्या पाहुण्यांकडे पोहोचवावी. काही कारणाने ते जमलेच नाही, तर निघताना दावे सोडावे. सासूबाईंची पंधरा दिवसांची औषधे, शिधापत्रिका, सातबारा आणि बँकेची पुस्तके एकाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आतापासूनच दाराजवळ टांगावीत. धान्य माळ्यावर चढवावे, मात्र तो माळा भिंतीवरच्या २०१९ च्या डागापेक्षा उंच आहे ना, हे आधी पाहावे. (आमच्या पाहण्यात अनेक घरांत तो नसतो.) निघताना मेन स्विच आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. पिण्याचे पाणी भरून सोबत घ्यावे, कारण नदीकाठचे पंप बुडाले की पूर न आलेल्या भागातील नळही कोरडे पडतात. मदत लागल्यास जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

परतल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये, आणि अडगळीत साप असण्याची शक्यता धरून काठीनेच सामान हलवावे. चिखल काढण्याची घाई सर्वांनाच असते, तरी पंचनाम्यासाठी प्रत्येक खोलीची आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेची छायाचित्रे आधी काढून ठेवावीत.