प्रश्न तुमचे, उत्तरं जाणकारांची

प्रश्न : विश्वामित्री नदीच्या दूषित पाण्यातले मासे त्या पाण्याशी जुळवून घेतायत का, हे तपासायचंय. अख्खा जीनोम, म्हणजे माशाचा सगळा डीएनए, वाचणं परवडत नाही. डीडीरॅड, म्हणजे डीएनएचे निवडक तुकडेच वाचायची पद्धत, पुरेल का?
— संशोधक विद्यार्थिनी, वडोदरा

उत्तर : पुरेल, पण मर्यादा ओळखून. ईकोआर-वन आणि एमएसपी-वन ही विकरं (एन्झाइम) डीएनए ठरावीक ठिकाणी कापतात आणि 300 ते 400 बेसांचे तुकडेच वाचले जातात. हव्या त्या जनुकाजवळ एकही तुकडा नसला तर ते निसटतं. म्हणून ‘काही सापडलं नाही’ म्हणजे ‘नैसर्गिक निवड झालीच नाही’ (म्हणजे मासे जुळवून घेतच नाहीत) असं अजिबात लिहू नका.

माशाच्या पराचा (पोहायच्या पंखाचा) तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला. प्रत्येक माशाचा 200 ते 500 नॅनोग्रॅम डीएनए घ्या, तोही फ्लोरोमीटरवर (चकाकीवरून डीएनए मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलेला. डीएनए जेलवर धावडवून पाहा; ठळक पट्ट्याऐवजी खालपर्यंत ओघळ दिसला, तर डीएनए तुटलेला आहे, नमुना बाद.

घात होतो तो पुढे. स्वच्छ पाण्यातले नमुने एका लायब्ररीत (वाचनासाठी एकत्र तयार केलेल्या डीएनए तुकड्यांच्या संचात) आणि दूषित पाण्यातले दुसरीत गेले, आणि तुकड्यांचा आकार निवडताना ठरवलेली मर्यादा थोडी जरी सरकली, तरी दोन्हींत वेगळे तुकडे येतात. मग प्रयोगातला फरकच निवडीचा पुरावा वाटतो! प्रत्येक लायब्ररीत दोन्हीकडचे मासे मिसळाच, काही नमुने दुबार लावा. आणि एकाच नदीवर विसंबू नका. ढाढरसारख्या शेजारच्या नदीतही स्वच्छ आणि दूषित पाण्याची अशीच जोडी शोधा.